सीटी स्कॅन ‘नॉर्मल’, तरी डोके गरगरतेच

विशेष प्रतिनिधी

वर्धा : रस्ते अपघाताच्या बातमीत दोन आकडे असतात, मृतांचा आणि जखमींचा. पहिल्या आकड्याचा पाठपुरावा होतो. दुसरा आकडा मात्र बातमीबरोबरच विरून जातो. वर्धा जिल्ह्याला अपघातांच्या मोठ्या बातम्या नव्या नाहीत. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळली आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सात विद्यार्थी मरण पावले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस जळून २५ प्रवासी गेले, त्यांत वर्ध्याचेही होते. अशा घटनांनंतर वेगमर्यादा, रस्त्यांची रचना, चालकांची झोप यांवर चर्चा झडते आणि ती व्हायलाच हवी. पण रोज घडणारे, बातमीत एका ओळीचेही स्थान न मिळणारे अपघात वेगळे असतात. देवळी-पुलगाव मार्गावर घसरलेली दुचाकी, शेतातून परतताना उलटलेली बैलगाडी, घरकुलाच्या बांधकामावर शिडीवरून पडलेला मजूर. या माणसांचा जीव वाचतो, हाडही मोडत नाही. मोडते ते पुढचे वर्ष-सहा महिने.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले, १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होते. जखमींची विभागणी गंभीर आणि किरकोळ अशी केली जाते. डोक्याला मार लागून काही क्षण भान हरपलेला, पण स्कॅनमध्ये काहीच न सापडलेला रुग्ण बहुधा ‘किरकोळ’च्या रकान्यात जातो. प्रश्न असा आहे की, हा रकाना खरोखर किरकोळ आहे काय?

‘मुका मार’ म्हणजे काय?

मराठीत या दुखापतीला नेमका शब्द आहे, मुका मार. बाहेर जखम नाही, रक्त नाही, बोलून दाखवावे असे काही नाही. वैद्यकशास्त्र त्याला कन्कशन किंवा मेंदूची सौम्य दुखापत म्हणते. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनात १५ पैकी १३ ते १५ गुण मिळवणारा रुग्ण या गटात मोडतो. कवटीच्या आत मेंदू जोराने हलतो, पेशींच्या आवरणातून क्षारांची उलथापालथ होते, ती सावरण्यासाठी पेशींना एकाएकी जास्त ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच वेळी तेथील रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हा सारा प्रकार कामकाजातला बिघाड आहे, रचनेतला नव्हे. सीटी स्कॅन रचना दाखवते. रक्त साकळले आहे काय, कवटीला तडा आहे काय, या प्रश्नांसाठी ते अत्यंत मोलाचे असते. तथापि ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ ‘शस्त्रक्रियेची गरज नाही’ एवढाच. ‘दुखापत झालीच नाही’ असा अर्थ त्यातून काढणे हा गैरसमज आहे, आणि तो केवळ रुग्णांमध्येच आहे असे म्हणता येणार नाही.

बहुसंख्य रुग्ण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उरलेल्यांचे काय, हा खरा विषय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील मोठ्या पाहणीत तीन हजारांहून अधिक मुलांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना महिन्यानंतरही त्रास होता. प्रौढांबाबतचे चित्र २०१९ च्या अमेरिकी अभ्यासातून पुढे आले. अपघात विभागात आलेल्या सौम्य दुखापतीच्या रुग्णांपैकी ५३ टक्क्यांनी वर्षानंतरही दैनंदिन कामात अडचणी सांगितल्या. मात्र याच अभ्यासात डोक्याला न लागता फक्त हाडांना दुखापत झालेल्यांमध्येही हे प्रमाण ३८ टक्के निघाले, हे विसरता कामा नये. म्हणजे प्रत्येक तक्रारीचे मूळ मेंदूतच असते असे नाही. अपघात हा सबंध शरीराचा आणि घराच्या अर्थकारणाचाही अनुभव असतो.

डोकेदुखी, उठता-बसता घेरी, उजेड आणि आवाज सहन न होणे, वाचताना अक्षरे पळणे, चिडचिड, झोपेचा विचका, एका वेळी दोन गोष्टी लक्षात न राहणे, ही ठरलेली लक्षणे. ती चार आठवड्यांहून अधिक टिकली तर त्यांना ‘रेंगाळणारी लक्षणे’ मानावे, असे ॲमस्टरडॅम येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये भरलेल्या क्रीडाक्षेत्रातील कन्कशनविषयक सहाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवले. पूर्वी या अवस्थेकडे दोनच दृष्टींनी पाहिले जाई. एक तर मेंदूला कायमची इजा झाली, किंवा मग सारे ‘मनाचे खेळ’ आहेत. गेल्या १५ वर्षांतील संशोधनाने या दोहोंच्या मध्ये तिसरे उत्तर ठेवले. मेंदू सावरल्यावरही त्याच धक्क्यात दुखावलेली मान, आतला कान, डोळ्यांचे स्नायू आणि हृदयगती सांभाळणारी मज्जासंस्था सावरलेली नसते. या गोष्टी हाताने तपासता येतात, आणि अनेकदा दुरुस्तही करता येतात.

मान, कान आणि डोळे

डोक्याला हादरा बसला आणि मानेला काहीच झाले नाही, असे सहसा घडत नाही. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपासून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी नस मेंदूच्या बुंध्याशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे दुखणे मानेत असते आणि रुग्ण हात ठेवतो तो कपाळावर किंवा डोळ्यामागे. असा रुग्ण डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस असे काही महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच नवी डोकेदुखी सुरू होऊ शकते. मग मूळ दुखणे कोणते आणि गोळ्यांचे कोणते, हे कळेनासे होते. दुसरीकडे मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. मणक्याचे हाड मोडलेले नाही याची खात्री झाल्यावर मान दीर्घकाळ जखडून ठेवणे हिताचे नसते. तिला हलवावे लागते, तिच्या खोलवरच्या स्नायूंना पुन्हा काम शिकवावे लागते.

कानाची गोष्ट याहून ठळक आहे. आपला तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात चुनखडीसारखे सूक्ष्म कण असतात. धक्क्याने ते जागचे सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मग अंथरुणावर कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की खोली गरगर फिरते, मिनिटभरात थांबते आणि पुन्हा हालचाल केली की पुन्हा फिरते. विशिष्ट रीतीने रुग्णाला आडवे करून डोळ्यांची थरथर पाहिली की निदान होते. त्याला ना स्कॅन लागतो, ना रक्ततपासणी. उपचारही तितकाच साधा. अमेरिकन कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृतीत डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण पूर्वीच्या जागी परत आणले जातात. खाट आणि शिकलेले हात एवढेच साहित्य. अपघातानंतरच्या रुग्णात ही कृती दोन-चार वेळा करावी लागू शकते, कधी दोन्ही कानांसाठी. असे असताना चक्कर आली की चक्करेच्या गोळ्या, आणि त्या संपल्या की पुन्हा त्याच, असा परिपाठ चालतो. पहिल्या काही दिवसांत त्या गोळ्यांनी आराम पडतो हे खरे. पण तोल सांभाळणारी यंत्रणा दडपणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मेंदूची स्वतःला जुळवून घेण्याची प्रक्रियाच लांबते.

डोळ्यांच्या तक्रारीत चष्म्याचा नंबर तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले जाते. येथे बिघाड नजरेत नसतो, दोन्ही डोळे एका बिंदूवर आणण्यात असतो. पेनाचे टोक हळूहळू नाकाकडे आणले तर निरोगी माणसाला ते अगदी जवळ येईपर्यंत एकच दिसते. या रुग्णाला ते बरेच आधी दोन दिसू लागते. दहावी-बारावीच्या वर्षात असा अपघात झालेल्या मुलाची स्थिती वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. तो वहीसमोर २० मिनिटे बसतो आणि कपाळ धरून उठतो. घरच्यांना वाटते अभ्यास टाळतो आहे. शाळेला वाटते निमित्त सापडले आहे. वर उल्लेखिलेल्या परिषदेने खेळाच्या मैदानापूर्वी वर्गात परतण्याच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. कमी तास, मध्ये विश्रांती, परीक्षेत जादा वेळ. आपल्या शिक्षण मंडळांच्या सवलतींच्या यादीत अशा तात्पुरत्या दुखापतीचा विचार ठळकपणे व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कान आणि मान यांवर एकत्र उपचार केल्यास काय होते, याचा प्रयोग कॅनडातील कॅलगरी येथे कॅथरिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी केला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १२ ते ३० वयोगटातील ३१ जण, आठ आठवडे. ज्यांना मानेची आणि तोलाची फिजिओथेरपी मिळाली त्यांच्यापैकी ७३ टक्के खेळायला तंदुरुस्त ठरले, तर केवळ विश्रांती आणि साधे व्यायाम मिळालेल्या गटात ७ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा असला तरी माणसे ३१ होती, हेही ध्यानात ठेवावे.

अंधाऱ्या खोलीचा अतिरेक

‘डोक्याला लागले आहे, महिनाभर पडून राहा’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. त्यामागे माया असते, पण अनेक वर्षे त्याला वैद्यकीय आधारही होता. हा आधार आता उरलेला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एका चाचणीत ११ ते २२ वयोगटातील ८८ रुग्णांपैकी काहींना पाच दिवस कडक विश्रांती सांगण्यात आली आणि इतरांना एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू कामाला लागण्यास सांगण्यात आले. कडक विश्रांती घेणाऱ्यांनी अधिक लक्षणे नोंदवली. अंधाऱ्या खोलीत पडलेला माणूस आपल्या दुखण्याकडेच लक्ष देत राहतो, रात्रीची झोप दिवसा संपवतो, स्नायू सैल पडतात आणि उठल्यावर चार पावलांत धाप लागते. ही लक्षणे मेंदूच्या दुखापतीची की पडून राहण्याची, हे महिन्यानंतर सांगणे अवघड होऊन बसते.

बफेलो विद्यापीठातील जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी यावर व्यवहारी मार्ग काढला. रुग्णाला ट्रेडमिलवर चालवायचे, चढ दर मिनिटाला थोडा वाढवायचा आणि लक्षणे वाढू लागली की थांबून त्या वेळची नाडी नोंदवायची. ही त्याची मर्यादा. समजा ती मिनिटाला १४० ठोके असेल, तर त्याने रोज साधारण २० मिनिटे ११२ ते १२६ ठोक्यांच्या दरम्यान राहून चालायचे, आणि मर्यादा वर सरकली की व्यायामही वाढवायचा. २०१९ च्या त्यांच्या चाचणीत १०३ किशोरवयीन खेळाडू होते. असा व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत बरे झाले, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२१ च्या दुसऱ्या चाचणीत लक्षणे महिन्यापलीकडे रेंगाळण्याची शक्यता जवळपास निम्म्याने घटली. आजचा सल्ला त्यामुळे असा : पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मोबाईल आणि टीव्ही कमी, आणि मग चालायला लागणे. त्रास किंचित वाढला तर घाबरायचे नाही, फार वाढला तर थांबायचे.

या पुराव्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बहुतेक चाचण्या उत्तर अमेरिकेतील तरुण खेळाडूंवर झाल्या. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये गाठी उचलणाऱ्या ४५ वर्षांच्या कामगाराला त्या जशाच्या तशा लागू होतील, असे गृहीत धरता येत नाही. प्रौढांतील दीर्घकालीन लक्षणांबाबत डेन्मार्कच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम, तोलाची फिजिओथेरपी, मानेवरचे उपचार, मानसोपचार या साऱ्यांची शिफारस त्यांनी केली खरी, परंतु पुरावा कमकुवत असल्याची नोंदही केली. मनाचा भागही वगळता येणार नाही. आधीपासून अर्धशिशी, चिंता वा नैराश्य असलेल्यांची लक्षणे जास्त रेंगाळतात. मानसोपचाराची शिफारस म्हणजे ‘तुझे दुखणे खोटे आहे’ असा निकाल नव्हे, एवढे रुग्णाला समजावून सांगण्याइतका वेळ बाह्यरुग्ण विभागात मिळायला हवा.

आणखी एक सावधगिरी. रेंगाळणारी प्रत्येक डोकेदुखी निरुपद्रवी नसते. वृद्धांमध्ये, मद्यपींमध्ये आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचून ते काही आठवड्यांनी त्रास देऊ लागते. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलण्यात अडखळणे, यांपैकी काही दिसले तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठले पाहिजे.

मैदानावरील चर्चा आणि रस्त्यावरील वास्तव

कन्कशन हा शब्द मराठी वाचकाला ठाऊक झाला तो क्रिकेटमुळे. फिलिप ह्यूजच्या २०१४ मधील मृत्यूने क्रिकेटविश्व हादरले आणि ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत बदली खेळाडूचा नियम आला. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला, तेव्हा सारा वाद ‘फलंदाजाच्या जागी गोलंदाज कसा’ यावरच रंगला. दुबेचे डोके कसे आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. त्याच वर्षी वारंवार झालेल्या कन्कशनमुळे ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोवस्कीने वयाच्या २७ व्या वर्षी क्रिकेट सोडले, ही बातमी मात्र आपल्याकडे आतल्या पानावरच राहिली.

खेळाडूच्या दिमतीला किमान संघाचा डॉक्टर असतो. दुचाकीस्वाराकडे फार तर हेल्मेट असते, आणि तेही अनेकदा आरशाला लटकलेले. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी घटतो, असे जागतिक आढाव्यातून दिसून आले आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण मरण पावले. हेल्मेट कवटी वाचवते, आतला हादरा पूर्णपणे थोपवत नाही. म्हणून ते घालूनही मुका मार लागू शकतो. याचा उपयोग हेल्मेट टाळण्यासाठी युक्तिवाद म्हणून करणाऱ्यांनी वरचा आकडा पुन्हा वाचावा.

वर्ध्यात काय शक्य आहे?

साधनांच्या बाबतीत वर्धा जिल्हा विदर्भातील अनेक जिल्ह्यांपेक्षा सुदैवी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय एका बाजूला, सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय दुसऱ्या बाजूला. सावंगीतच रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. काही किलोमीटरच्या परिघात मेंदूशल्यचिकित्सक, कान-नाक-घसातज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आढळावेत, हे चित्र लहान शहरांत दुर्मीळच.

अडचण आहे ती एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याची. फिजिओथेरपी म्हणजे पक्षाघात, गुडघे आणि कंबर, ही समजूत रुग्णांत पक्की आहे. डोके गरगरते म्हणून फिजिओथेरपीकडे जावे, असे कोणी सुचवले नाही तर त्याला सुचणार कसे? शस्त्रक्रियेची गरज नसलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावण्याची पद्धत जेथे नाही तेथे तो चार आठवड्यांनी गावच्या डॉक्टरकडे जातो, तेथून मेडिकलच्या दुकानात, आणि पुढे झाडपाल्याकडे किंवा मांत्रिकाकडेही. कारंजा किंवा आष्टीसारख्या टोकाच्या तालुक्यातील मजुराला आठवड्यातून तीनदा वर्ध्याला ये म्हणणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी असा दुहेरी भुर्दंड. पण या उपचारांचे वैशिष्ट्यच असे की, एकदा नीट तपासणी झाली तर बराचसा व्यायाम घरी होतो. हाताच्या अंतरावर धरलेल्या अक्षरावर नजर खिळवून डोके डावी-उजवीकडे हलवणे, नाडी मोजत बांधावरून चालणे, मानेचे सोपे व्यायाम. ट्रेडमिल नसले तरी नाडी मोजता येते. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तपासणी आणि मधल्या काळात आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्तीमार्फत विचारपूस, एवढ्यावर गाडी पुढे जाऊ शकते.

सेवाग्रामला अशा बांधणीचा वारसा आहे. सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करून गावाने आरोग्यविमा उभा करावा, ही कल्पना येथील डॉक्टरांनी परिसरातील खेड्यांत राबवून दाखवली होती. ती केवळ पैसा गोळा करण्याची युक्ती नव्हती. त्यातून गाव आणि रुग्णालय यांच्यात येणे-जाणे राहिले. पुनर्वसनाला नेमके तेच लागते.

सात दिवसांची योजना, महिन्यांचे दुखणे

शासकीय योजनांचे वेळापत्रक मात्र या दुखण्याशी जुळत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळतात. जीव वाचवण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण लक्षणे रेंगाळत आहेत, हे समजायलाच चार आठवडे जातात. आयुष्मान भारत योजना मुळात रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी आहे, बाह्यरुग्ण विभागातील उपचार तिच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे मेंदूवरची लाखांची शस्त्रक्रिया योजनेत बसते आणि माणसाला कामावर परत पाठवणाऱ्या फिजिओथेरपीच्या आठ-दहा फेऱ्या त्याच्या खिशातून होतात. हिशेबाच्या दृष्टीनेही हे उफराटे आहे.

नुकसानभरपाईच्या दाव्यात हीच अडचण वेगळ्या रूपात पुढे येते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र टक्क्यांची भाषा बोलते, आणि घेरी येणाऱ्या, पण धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या वाट्याला टक्के फारसे येत नाहीत. वास्तविक राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यातील २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अवयवाच्या अपंगत्वाचे टक्के म्हणजेच कमाईतील घट नव्हे. ती व्यक्ती कोणते काम करीत होती आणि दुखापतीनंतर कोणते करू शकते, हे न्यायाधिकरणाने पाहिले पाहिजे. उंचावर चढून काम करणाऱ्या रंगाऱ्याला किंवा ट्रकचालकाला घेरी येत असेल तर त्याची रोजीरोटीच गेली, हे सांगायला कायदा वाव देतो. त्यासाठी पुरावा मात्र हवा. कोणत्या तारखेला तोलाची तपासणी झाली, मान किती अंशांत वळली, किती ठोक्यांवर लक्षणे वाढली, कामावर परतण्याचा प्रयत्न केव्हा केला आणि तो का फसला. या नोंदी बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर झालेल्या नसतील, तर अर्जदाराच्या वकिलाला न्यायाधिकरणापुढे ठेवण्यासाठी ‘नॉर्मल’ लिहिलेल्या सीटी अहवालाखेरीज काही उरत नाही, आणि तो अहवाल विमा कंपनीच्याच कामी येतो.